नऊ कट्टे सोयाबीन

२०२२ची दिवाळी होऊन दहा-बारा दिवस झाले असतील. ताडकळसच्या मोंढ्यात आमच्या काकांचं अडतीचं दुकान आहे. सत्तरीच्या पुढचे एक शेतकरी तिथे सोयाबीनचे पैसे न्यायला आले. माझ्या चुलत भावाने कॉम्प्युटरवर त्यांचं नाव टाकलं, पाहिलं, परत टाकलं आणि म्हणाला, "बाबा, तुमच्या नावावर मालच दिसंना."

"असं कसं? मंग मी काय मोकळी गाडी घेऊन आल्तो का?"

काटापट्टी त्यांच्याजवळ नव्हती. ती त्यांनी कधी जपलीच नव्हती, कारण इतक्या वर्षांत तिची गरज पडली नव्हती. दुकानात चार माणसं बसलेली. सगळ्यांनी आधी म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे. मुनीमजी आत काट्याजवळ होते. ते बाहेर आले, गादीखालची लांबोळी वही काढली, पानं उलटली. नऊ कट्टे, पाच क्विंटल बेचाळीस किलो. पैसे लगेच मोजून दिले.

मी तेव्हा पुण्यात, हिंजवडीला, ऑफिसच्या कँटीनमध्ये होतो. भावाने फोनवर हे सांगितलं तेव्हा माझी पहिली प्रतिक्रिया अशी होती की वजनाची नोंद करायला कुणीतरी विसरलं असणार. आज लिहितानाही याची लाज वाटते. कारण दुकानातलं ते ॲप माझं होतं आणि पंधरा दिवसांपूर्वी मीच ते 'आधुनिक' केलं होतं.

ॲप मी २०१७ साली लिहिलं. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो, नोड डॉट जेएस नुकतंच शिकलो होतो आणि काहीतरी खरं बनवून दाखवायची खुमखुमी होती. शेतकऱ्याचं नाव, कट्टे, वजन, भाव, हमाली, तोलाई, उचल असेल तर ती वजा आणि शेवटी छापील पट्टी. एवढंच. दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर ते पाच वर्षं चाललं. मी त्याला हातसुद्धा लावला नव्हता. काका पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या पोराचंय."

आता इथे थोडं तांत्रिक सांगावं लागेल. कोडशी संबंध नसेल तरी समजेल असं सांगतो.

कुठलाही मोठा प्रोग्रॅम एका फाईलमध्ये मावत नाही. तुकडे करावे लागतात, आणि एका तुकड्याला दुसऱ्याला बोलवायची सोय लागते. या तुकड्यांना मॉड्यूल म्हणतात. जावास्क्रिप्ट ही मुळात ब्राउझरसाठी जन्मलेली भाषा. तिच्यात अशी सोयच नव्हती. २००९मध्ये लोकांनी ती सर्व्हरवर चालवायची ठरवली, तेव्हा केविन डँगूर नावाच्या प्रोग्रॅमरने सुरू केलेल्या उपक्रमातून 'कॉमनजेएस' ही पद्धत आली. त्याच वर्षी रायन डालने नोड आणलं आणि ही पद्धत उचलली. तिच्यात तुम्ही 'रिक्वायर' असं लिहिता आणि हवा तो तुकडा त्या ओळीवर, त्या क्षणी आणला जातो. पुढे २०१५मध्ये जावास्क्रिप्टच्या अधिकृत प्रमाणातच मॉड्यूल आले. तिथे शब्द 'इम्पोर्ट'. यांना ईएस मॉड्यूल म्हणतात.

फरक नुसत्या शब्दाचा नाही. रिक्वायर म्हणजे स्वयंपाक करता करता पोराला दुकानात पिटाळणं: आता मीठ आण, आता जिरं आण. इम्पोर्ट म्हणजे चूल पेटवायच्या आधी यादी करून सगळा किराणा घरात आणून ठेवणं. दुसरी पद्धत शहाणपणाची आहे यात वादच नाही. काय लागणार ते आधीच कळतं, नको ते वगळता येतं, ब्राउझर आणि सर्व्हर दोन्हीकडे एकच भाषा चालते. पण एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. यादीतलं सामान आल्याशिवाय चूल पेटतच नाही. तुम्ही 'आधी पाणी उकळायला ठेव आणि मग मीठ आण' असं लिहिलं असेल, तरी मीठ आधी येणार.

माझ्या जुन्या कोडच्या पहिल्या ओळीत लिहिलं होतं: डेटा डी ड्राइव्हवरच्या अमुक फोल्डरमध्ये आहे. दुसऱ्या ओळीत: आता वजनांचं मॉड्यूल आण. ते मॉड्यूल आल्या आल्या पत्ता विचारायचं आणि तो नसेल तर ॲपच्या शेजारीच नवीन फाईल उघडायचं. पाच वर्षं सगळं बरोबर चाललं, कारण पहिली ओळ खरंच पहिली होती. दिवाळीच्या सुट्टीत मी रिक्वायरचं इम्पोर्ट केलं आणि दुसरी ओळ पहिली झाली. वाचताना क्रम तसाच दिसत होता, चालताना उलटा होता. कुठेही एरर आली नाही. ॲपने निमूटपणे एक नवी, कोरी फाईल उघडली आणि मोंढा परत सुरू झाल्यावर तीन दिवसांची वजनं त्यात लिहिली. माझ्या लॅपटॉपवर डेटा ॲपच्या शेजारीच असायचा, त्यामुळे तिथे हे कळायचा प्रश्नच नव्हता.

तिसऱ्या दिवशी काकांचा फोन आला की मागची खाती दिसत नाहीत. मी पुण्याहून मशीनवर शिरलो, चूक सापडली, पत्त्याची ओळ वेगळ्या फाईलमध्ये टाकून ती सगळ्यांत आधी इम्पोर्ट केली. जुनी खाती परत दिसली. लॅपटॉप मिटला आणि समाधानाने झोपलो. मग त्या तीन दिवसांच्या नोंदी कुठे गेल्या, हा प्रश्न मला पडलाच नाही. ६१ नोंदी होत्या. नऊ कट्ट्यांची नोंद त्यांतली एक.

हे सगळं केलं कशासाठी? तर शेतकऱ्याला वजन झाल्या झाल्या मोबाईलवर मेसेज जावा म्हणून. त्यासाठी एक पॅकेज हवं होतं, त्याची नवी आवृत्ती फक्त इम्पोर्टनेच येत होती. रिक्वायर केलं की लाल अक्षरात एरर. वाटलं, आता सगळं ॲपच नव्या पद्धतीत नेऊ. मात्र खरं सांगायचं तर त्याच पॅकेजची जुनी आवृत्ती एका कमांडवर मिळत होती. ती माझ्या जुन्या कोडबरोबर गुण्यागोविंदाने चालली असती. मेसेजही गेले असते. मला ते माहीत होतं. पण दिवसभर ऑफिसमध्ये नव्या कोडमध्ये वावरणाऱ्याला स्वतःचं पाच वर्षांपूर्वीचं कोड बघवत नाही. शाळेतला जुना फोटो कुणी भिंतीवर लावावा तसं होतं. मी शेतकऱ्यांसाठी कमी आणि त्या फोटोसाठी जास्त काम केलं.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. बदल चांगला की वाईट, हा तो प्रश्न नाही. बदल कुणाला हवा होता आणि त्याची किंमत कुणी मोजली, हा आहे. हवा मला होता. दहा मिनिटं चार लोकांत खोटं ठरण्याची किंमत मात्र अशा माणसाने मोजली, ज्याला मॉड्यूल हा शब्दसुद्धा माहीत नाही. आणि त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

माझं हे दुकानापुरतं झालं. नोडच्या जगात हेच काही लाख पटींनी झालं. ईएस मॉड्यूलचं प्रमाण २०१५चं, पण नोडमध्ये ते पहिल्यांदा २०१७च्या सप्टेंबरात आलं, तेही प्रयोग म्हणून. कसलीही खूण न लावता सरळ चालायला लागलं २०१९च्या नोव्हेंबरात. या काळात जुनं कोड डोंगराएवढं साठलं होतं. पूल एकाच दिशेने होता: नव्या मॉड्यूलमधून जुनं आणता येई, पण जुन्यातून नवं सरळ रिक्वायर करता येत नसे. मग २०२१मध्ये सिंड्रे सोऱ्हस या प्रोग्रॅमरने जाहीर केलं की आता आपण नव्याच पद्धतीत जाणार. या माणसाची एक हजाराहून जास्त पॅकेजेस आहेत, जगभरातले प्रकल्प त्यांवर उभे आहेत. त्याच्या पाठोपाठ इतरही निघाले. टर्मिनलवर रंगीत अक्षरं छापणाऱ्या चॉक या साध्या पॅकेजची पाचवी आवृत्ती त्याच वर्षी फक्त नव्या पद्धतीत आली. लाखो प्रोग्रॅमरना एके सकाळी लाल अक्षरं दिसली.

लोक चिडले. पण मला इथे सोऱ्हसच्या बाजूनेही बोलायचं आहे. ही पॅकेजेस फुकट आहेत. त्यांच्या परवान्यात स्वच्छ लिहिलेलं असतं की जसं आहे तसं घ्या, हमी नाही. ज्याने फुकट दिलं त्याने जन्मभर जुन्या पद्धतीनेच देत राहावं, असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? शिवाय चॉकची चौथी आवृत्ती कुणी काढून घेतली नाही, ती आजही तिथेच आहे. २०१६च्या मार्चमध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एका वादातून काढूनच टाकलं होतं आणि जगभरचे प्रकल्प अडकले होते. शेवटी एनपीएमने ते परत चढवलं. तो प्रकार वेगळा. अंगणात नवं घर बांधणं आणि राहत्या घराची फरशी उपटणं यांत अंतर आहे.

आणि दोन्ही पद्धती सांभाळायच्या तर त्यासाठीही कुणीतरी राबावं लागतं. आमच्या पूर्णा जंक्शनवरून हे चांगलं समजतं. मनमाड–सिकंदराबाद ही निजामाच्या काळात टाकलेली लाईन मीटरगेज होती, म्हणजे दोन रुळांत बरोबर एक मीटर अंतर. मुंबईकडून मनमाडला येणारी लाईन ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटर. एकीकडची वॅगन दुसरीकडे जाऊच शकत नाही. मनमाडला माल उतरवायचा आणि दुसऱ्या गाडीत चढवायचा. कागदावर दोन्ही लाईनी 'जोडलेल्या' होत्या, पण तो जोड हमालांच्या पाठीवर होता. १९९२पासून रेल्वेने सगळीकडे एकच गेज करायचं ठरवलं. आमची मुख्य लाईन नव्वदच्या दशकात बदलली, पूर्णा–अकोला २००८मध्ये. लहानपणी त्या छोट्या गाडीत बसल्याचं मला आठवतं, आणि ती गेली याचं उगाच वाईटही वाटतं. पण जुनी गाडी गोड वाटणारे आपण खिडकीतले असतो. दोन गेजमधला माल खांद्यावरून वाहणाऱ्याला विचारलं असतं, तर त्याचं मत वेगळं निघालं असतं. फुकट पॅकेज चालवणारा, रात्री जागून दोन्ही पद्धतींच्या तक्रारी निस्तरणारा प्रोग्रॅमर हा तो हमाल आहे.

म्हणून 'जुनं राहू द्या ना' हेही दिसतं तितकं निरागस वाक्य नाही. त्याची किंमतही कुणीतरी देतंच असतं.

मग काय करायचं? इथे मला दोन गोष्टी आठवतात. एक नोडमधली, एक दुकानातलीच.

नोडमधली आधी. जुन्या कोडमधून नवं मॉड्यूल सरळ रिक्वायर करता येणार नाही, हे कितीतरी वर्षं जवळजवळ निसर्गनियमासारखं सांगितलं जायचं. कारण असं दिलं जायचं की रिक्वायर जागच्या जागी काम करतं आणि नवं मॉड्यूल वाट बघत, टप्प्याटप्प्याने येतं. दोघांचं जमणार कसं? मीही मुलाखतींमध्ये हे उत्तर पाठ म्हणून दाखवलंय. जॉयी चंग ही नोडवर काम करणारी इंजिनिअर. तिने दाखवून दिलं की नवं मॉड्यूल दर वेळी वाट बघायला लावत नाही. त्याच्या अगदी वरच्या पातळीवर 'अवेट' लिहिलेलं असेल तरच थांबावं लागतं, आणि तसं फारच थोड्या पॅकेजमध्ये असतं. बाकीची सरळ आणता येतात. २०२४च्या एप्रिलमध्ये नोड २२मध्ये हे प्रयोग म्हणून आलं, डिसेंबरात २२.१२ या आवृत्तीत आपोआप चालू झालं. लाखो लोकांनी आपापल्या घरी जे ओझं वाटून घेतलं होतं, ते इंजिनाच्या आत एका जागी उचललं गेलं.

मला यात ताकदीपेक्षाही एक वेगळीच गोष्ट दिसते. 'अशक्य आहे' हे वाक्य आपण तांत्रिक म्हणून बोलतो, पण पुष्कळदा त्याचा अर्थ असतो: हे करायला लागणारे कष्ट माझ्या वाट्याचे नाहीत, तुमच्या वाट्याचे आहेत. माझ्या भावाने म्हाताऱ्याला सांगितलं की माल दिसत नाही, तेव्हा तेही एक तांत्रिक वाक्यच होतं. खरंही होतं. दिसत नव्हताच.

दुकानातली गोष्ट अशी. त्या घटनेनंतर मी गावी गेलो तेव्हा मुनीमजींनी मला माळ्यावरचं गाठोडं काढून दाखवलं. पणजोबांच्या वेळच्या वह्या. एका वहीत प्रत्येक रकमेपुढे बारीक अक्षरात 'हाली' किंवा 'कलदार' लिहिलेलं. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता तेव्हा इथे निजामाचा हाली सिक्का चालायचा, कलदार म्हणजे हिंदुस्थान सरकारचा रुपया. सात हाली म्हणजे सहा कलदार. संस्थान १९४८मध्ये भारतात आलं, पण हाली एका रात्रीत रद्दी झाला नाही. नवा पाडणं थांबलं, आणि जुना १९५९पर्यंत चलनात राहिला. तेवढी वर्षं प्रत्येक अडत्याने दोन रकाने सांभाळले. सात-सहाच्या हिशोबात गरीब माणसाची एखाददुसरी पै कुणी मारलीच नसेल, असं मी म्हणणार नाही; अडत्याच्या घरातला आहे, मला माहितीय. पण ज्याच्या मडक्यात हाली होते, त्याला कुणी 'तुमचे पैसे दिसत नाहीत' असं म्हटलं नाही. हिशोब जमणाऱ्याने हिशोब केला.

"तुझ्या मशिनीचं बी असंच कर की," मुनीमजी म्हणाले. "एकदम कामून बदलायलास?"

मी विचारलं, "मुनीमजी, तुम्ही वही बंद का नव्हती केली? मी तर सांगितलं होतं."

मी खरंच सांगितलं होतं. २०१७मध्ये मोठ्या ऐटीत म्हणालो होतो की आता दोन-दोन हिशोब कशाला. त्यांनी मान हलवली होती आणि लिहीत राहिले होते. तेव्हा मला वाटलं होतं, जुन्या माणसाचा हट्ट.

"तुझ्यावर भरोसा नव्हता असं न्हाई," ते म्हणाले. "तू पुण्याला, मशीन इथं. रात्री काही झालं तर मी कुणाला विचारू? वही माझ्या उशाला असती."

यात उपरोध नव्हता. मला मात्र तो लागला. मी ॲप दिलं, पण ॲपसोबत मी स्वतः नव्हतो. आणि मी नसण्याची भरपाई एक माणूस पाच वर्षं रोज अर्धा तास जास्तीचं लिहून करत होता. बिनपगारी. नोडच्या भाषेत सांगायचं तर माझ्या ॲपचा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत भरवशाचा मेंटेनर तेच होते.

मागच्या हिवाळ्यात नोड २२.१२ आल्यावर मी परत त्या कोडला हात घातला. या वेळी एक आठवडा नुसतं वाचलं. जुन्या फाईली जुन्याच ठेवल्या, रिक्वायरसकट. नवं जे लिहायचं ते नव्या पद्धतीत. दिसायला ते गबाळं आहे. ऑफिसात कुणी असं कोड दाखवलं तर मी दहा कमेंट टाकीन. पत्ता सापडला नाही तर ॲप आता नवी फाईल उघडत नाही, मोठ्या लाल अक्षरात मराठीतून सांगतं की फोल्डर सापडत नाही, काम थांबवा. आणि रोज संध्याकाळी दिवसभराच्या नोंदींचा एक कागद छापतं. मुनीमजी तो वहीशी ताडून बघतात आणि खाली सही करतात. हे मी त्यांच्याकडून करून घेतो म्हणजे त्यांच्या डोक्यावर अजून एक काम टाकलंय, हे मला कळतं. त्यांची नजर आता कमी झालीय. त्यांच्यानंतर ती वही कोण लिहिणार, याचं उत्तर माझ्याकडे नाही. भाऊ लिहिणार नाही.

यंदा दिवाळीच्या आधी दोन दिवस मी दुकानात गल्ल्यावर बसलो होतो. ते नऊ कट्टेवाले बाबा आले. त्यांना मी कोण ते माहीत नव्हतं. तीन वर्षं मनात घोळवलेली माफी ऐन वेळी तोंडातून निघाली नाही. मापाड्याने वजन केलं, अकरा कट्टे, मी नोंद केली, पट्टी छापून दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, डोळ्यांजवळ नेऊन पाहिली, चौघडी केली आणि कोपरीच्या खिशातून एक प्लास्टिकची पिशवी काढली. पिशवीत तशाच घडी केलेल्या कितीतरी पट्ट्या होत्या. ही त्यात ठेवली, पिशवीला गाठ मारली. मग मुनीमजींकडे वळून म्हणाले, "वहीत लिवलं का?"